मालकिणीची पेन्शन

३ मार्च
निर्णय पक्का. तीन वर्षांनी साठी. त्या दिवशी निवृत्त. पेन्शन स्वतःची. पुण्यातल्या संघपालपुढे, पोटचा मुलगा असला तरी, हात पसरणार नाही. एनपीएस या सरकारी पेन्शन योजनेत खातं उघडलं. करसवलत मिळेल तेवढंच भरायचं, वर एक रुपया नाही. तत्त्व आहे.
मलिकानं रविवारची सुट्टी मागितली. म्हटलं, तू या मेसची निम्मी भागीदार. मालकिणीला सुट्टी नसते. परत भाकऱ्या थापायला गेली. पटलं असावं.

६ मार्च
सीए स्वप्नालीकडे. मैत्रिणीची मुलगी, कालपरवाची पोर. म्हणाली, मावशी, स्वतःचा धंदा असला तरी सवलत मिळते, उत्पन्नाच्या पाचव्या भागापर्यंत. पण तुमचं उत्पन्न शून्य दिसतंय.
अख्ख्या लातूरची क्लासवाली पोरं माझ्याकडे जेवतात, आणि शून्य!
म्हणे, नफ्यावर मेसनं आधीच कर भरलाय. तुमचा वाटा त्यामुळे करातून सुटतो आणि सवलतीच्या हिशेबातूनही. भागीदाराचा पगार मात्र धरतात. मलिका घेते तसा.
वर विचारते, शून्याचा पाचवा भाग किती? बी.कॉम. फर्स्ट क्लास आहे मी. पर्स उचलली, निघाले.

७ मार्च
मला पगार नको, असं भागीदारीच्या करारात मीच घातलं होतं. पगार नोकर घेतात. तेव्हाही बरोबर होते, आताही आहे. फक्त करार बदलायचा.

१० मार्च
स्वप्नालीचा फोन. पगार प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदारालाच मिळतो. मलिकाची सहीही लागेल. किरकोळ बाबी.

११ मार्च
मलिका भाकरी थापत होती. म्हणाली, देते की सही, ताई. पर काम काय लिहू? तुम्ही काय करून राहिल्या मेसमधी?
देखरेख, म्हटलं.
म्हणाली, ते तर पोरं बी करून राहिले. वरण पातळ हाय म्हणून रोज सांगतेत.
आत स्वयंपाकाच्या बायका हसल्या. शिस्तीबद्दल एकदा बोलायला हवं.

१४ मार्च
शांतपणे विचार केला. कांदे चिरणं हे एक प्रकारचं व्यवस्थापनच. सगळा स्वयंपाक त्यावर उभा. काम मी स्वतःहून निवडलं. मलिकानं फक्त सुचवलं.

२ एप्रिल, पहाटे साडेपाच
सही झाली. पगार सुरू. डोळ्यांत पाणी. कांद्याचं.

१२ एप्रिल, शनिवार
पेन्शनचा पहिला हप्ता भरला, सवलतीसकट! संघपालला फोन करून सांगितलं. कांद्यांचं बोलले नाही.
तीन बोटांना पट्ट्या. उद्याची सुट्टी मागितली.
मलिका म्हणाली, ताई, मालकिणीला कसली सुट्टी?