वीस भोपळे, एक वानर आणि शिक्षण समिती

सोमवार, २४ नोव्हेंबर

आदरणीय आत्या,

गुडघे टेकून, ओंजळीने टाळ्या वाजवून नमस्कार. तुम्ही बऱ्या असाल तर मीही बरी आहे. (हे आपल्या रीतीप्रमाणे लिहिलं. पण तुमच्या उजव्या गुडघ्याची शेवटची खबर मला अकरा दिवसांपूर्वी मिळाली आहे, त्यामुळे माझी तब्येत नक्की कशी आहे ते तुमचं उत्तर आल्यावरच सांगता येईल.) आतोबांचा खोकला कमी झाला असेल. शेंगदाणे पेरून झाले का? इथे मंगळवारी एकतीस मिलिमीटर पाऊस पडला. तुमच्याकडे मोजायची सोय नाही, तरी अंदाजे कळवा.

हे पत्र मी रागात लिहीत नाही. राग शुक्रवारी आला होता आणि आज सोमवार आहे. फक्त घडलं ते घडलं त्या क्रमाने कळवते, कारण गोष्ट तुमची आहे आणि तिचं काय केलं गेलं ते तुम्हाला समजायला हवं.

जुलैमध्ये तुमच्या चुलीजवळ बसून मी तुमची भोपळ्यांची गोष्ट पेटीत भरून घेतली होती. (पेटी म्हणजे तीच, झाकणावर सोलर पट्टी असलेली, जिला आतोबा अजून रेडिओ म्हणतात. ती रेडिओ नाही.) जिल्ह्यातल्या बेचाळीस शाळांना दुसरीच्या वर्गासाठी अशी एकेक पेटी जायची आहे. शाळा तेरा जानेवारीला उघडतील. त्याआधी समितीने मंजुरी दिली तर मुलं तुमची गोष्ट ऐकतील. नाही दिली तर तिच्या जागी समितीतल्या तारुविंगा साहेबांनी स्वतः लिहिलेला आणि स्वतःच वाचलेला ‘नखे का कापावीत’ हा पाठ जाईल. तो मी ऐकला आहे. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा मला झोप लागली.

आता तुमची गोष्ट तुम्हालाच सांगण्याचा अगाऊपणा करते, कारण पुढचं सगळं तिच्या हिशेबावर आहे. ससा आणि वानर मिळून वीस भोपळे पिकवतात. ससा वाटणी करतो. ‘एक तुझा, एक माझा’ म्हणत दोघांपुढे एकेक ठेवतो. मग ‘दोन तुझे’ म्हणून वानरापुढे एकच ठेवतो (आधीचा धरून झाले की दोन) आणि ‘दोन माझे’ म्हणून स्वतःपुढे नवे दोन. तीन, चार, पाच, तसंच. शेवटी वानरापुढे पाच, सशापुढे पंधरा. पण दोघांच्या नावाने आकडा एकच उच्चारलेला, पाच. वानर खूश होऊन घरी जातो. गेल्या महिन्यात मुतेमा बाईंच्या दुसरीच्या वर्गात आम्ही ही गोष्ट लावून पाहिली. अडतीस मुलं, दर दोघांत मक्याचे वीस दाणे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतल्या नऊ जणांनाच वीसच्या पुढे मोजता येत होतं. तुमच्या प्रत्येक वाक्यानंतर मुलांना ‘जेपफुंडे’ असा हुंकार देता यावा म्हणून मी चार-चार सेकंद मोकळे ठेवले होते. ‘तीन माझे’पर्यंत ते पुरले. मग चिएद्झा नावाची एक मुलगी (दात पडलेले, गणवेश मोठ्या बहिणीचा) उठून पेटीवर ओरडली, “ए सशा, थांब! खाली ठेव ते! सगळे मोजून दाखव!” चार सेकंदांत अडतीस मुलांचं भांडण मावत नाही. गोष्ट तीनदा लावावी लागली. दुपारच्या जेवणापर्यंत वर्गातल्या प्रत्येकाला पाच आणि पंधरा यांतला फरक दाण्यांनी मांडून दाखवता येत होता. मुतेमा बाई म्हणाल्या, “वर्षभर मी फळ्यावर डोकं आपटतेय, आणि तुझी आत्या चुलीपाशी बसून...” आणि त्यांनी नाक शिंकरलं.

इतकं झाल्यावर मंजुरी हा निव्वळ शिक्क्याचा प्रश्न उरतो, असं मला वाटलं होतं. ती माझी चूक.

समितीचे अध्यक्ष चित्सिको सर. पूर्वी गणित शिकवायचे. गोष्ट त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि संपल्यावर विचारलं, “या वानराला मोजता येत नाही?”

“येतं, सर. वाटणी कळत नाही.”

“मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं, मुली. आणि माझं देवक वानर आहे. बाजारात लोक मला त्याच नावाने मानाने हाक मारतात. उद्या बेचाळीस शाळांची पोरं माझ्याकडे बघून भोपळे मोजणार?”

तारुविंगा साहेब इतके हसले की त्यांना रुमाल काढावा लागला. “अहो, एवढं काय मनाला लावून घेता! गोष्टीतला वानर तो!” यावर सर शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. मग त्याच्या जागी सिंह घाला.” तारुविंगा साहेबांचं देवक सिंह. रुमाल खिशात गेला. “सिंह भोपळे खात नाही,” ते म्हणाले. “वानराला तरी कोणी शिजवून वाढलेत?” सर म्हणाले. मग हत्ती सुचवला गेला. नेमका त्याच वेळी कार्यालयाचा ड्रायव्हर चिगांगो चहा-पाव घेऊन आला. त्याचं देवक हत्ती. त्याने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाला, “साहेब, हत्तीला पाच भोपळे पुरले नाहीत तर तो सशाच्या दारात जाऊन बसेल. तुमची गोष्ट तिथेच खलास.” (हा त्या बैठकीतला एकमेव तर्कशुद्ध मुद्दा होता.) तरस नको, कारण त्यावर चेटकिणी बसून फिरतात आणि पालक तक्रार करतील. मगर सुचवल्यावर सगळे खिडकीबाहेर पाहू लागले, कारण इथल्या मुखियांचं देवक मगर. दोन तास दहा मिनिटांनी ठराव झाला की वानराच्या जागी ‘एक प्राणी’ असावा.

मी ते केलं, आत्या. नोकरी आहे. बकरीबद्दल बोलताना तुम्ही एकदा ‘एक प्राणी’ म्हणाला होता, तो तुकडा कापून तेवीस ठिकाणी चिकटवला. सांधा कुठेही ऐकू येत नाही, याची मला लाज वाटते. बुधवारी ती पेटी मुतेमा बाईंच्या वर्गात लावली. “एकदा ससा आणि एक प्राणी शेत करत होते.” चार सेकंद शांतता. हुंकार नाही. मग एक जण म्हणाला, “कुठला प्राणी?” दुसरा म्हणाला, “शेपूट आहे का त्याला?” पेटी पुढे बोलत राहिली आणि कोणी ऐकेना. हुंकार नसेल तर सांगणाऱ्याने थांबायचं असतं, हे पेटीला शिकवता येत नाही. शेवटी चिएद्झा म्हणाली, “ज्याला नाव नाही त्याला भोपळे कशाला पाहिजेत?” आणि मक्याचे दाणे खाऊन टाकले. बाईंनी पेटी बंद केली. तिसरं मिनिट चालू होतं.

माझं मत विचाराल तर देवक ही गोष्ट लग्न जुळवताना पाहायची आणि मटण वाढताना पाहायची. एरवी शिकल्यासवरल्या माणसांनी, पगारी वेळेत, सरकारी खुर्चीत बसून, एका काल्पनिक वानराच्या अब्रूसाठी अडतीस खऱ्या मुलांचं गणित थांबवावं याला माझ्या अभ्यासक्रमात शब्द नव्हता. मोठ्या माणसांना स्वतःच्या जनावराबाहेर बघताच येत नसेल तर त्यांनी समितीत येऊ नये. गोठ्यात जावं.

शेवटची बैठक गुरुवारी आहे. जे व्हायचं ते होईल. तुमच्याकडून काही हवं म्हणून लिहिलं नाही, फक्त वस्तुस्थिती कळवली. आतोबांना टाळ्या वाजवून नमस्कार, लहानांना प्रेम.

तुमची भाची,
रातिद्झो

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. हे पत्र चिगांगो गाडीतून आणून देईल. त्याच्याबरोबर पेटीही पाठवते आहे. लाल बटण दाबून तिच्यात एवढंच बोला: “मी वानरांच्या घरची सून आहे, आता ऐका.” सुनेला सासरच्या देवकाची टर उडवायचा हक्क असतो आणि सासरच्यांना रागवायची सोय नसते, हे मला सुचायला हवं होतं. (तुमच्या सासऱ्यांच्या मयताला तुम्ही त्यांची टोपी आणि कोट घालून त्यांच्यासारखं लंगडत चाललात, तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्यांचे भाऊच हसत होते.) चित्सिको सरांना मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, “सून सांगते होय? सुनेला कोण अडवणार?” आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, “पण मग इतकं सौम्य का सांगते?” म्हणजे मूळचा वानर परत येईल. पेरणीच्या दिवसांत गोष्ट सांगू नये हे मला ठाऊक आहे. पण हे चार सेकंदांचं एक वाक्य आहे. गोष्ट नव्हे. गुरुवारी सकाळी दहापर्यंत पेटी माझ्या हातात हवी.

ता. क. २. चिगांगो सांगणारच आहे, तेव्हा माझ्याकडूनच ऐका. शुक्रवारच्या बैठकीत ‘एक प्राणी’ रद्द झाल्यावर सर म्हणाले, “मग एलंड घालू. मोठं पण भोळं हरीण, कोणाचं काय जातंय!” मी तिथे फक्त पेटीची वायर सांभाळायला होते. आपलं देवक एलंड आहे हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे. एलंडाला सशाने फसवल्याची एक तरी नोंद दाखवा, असं मी म्हणाले. आणखीही काही म्हणाले. एकूण चौदा मिनिटं. इतिवृत्तात ‘तंत्रज्ञ बाईंनी टेबल ठोकले’ असं लिहिलं आहे. ठोकलं नाही, हात ठेवला. सांडलेला चहा पुसता पुसताच चिगांगोने विचारलं की तुमच्या आत्याला कुठल्या घरी दिलंय. तेव्हा पेटीत सासरचं तेवढं सांगा. तुम्ही कोणाच्या लेक, हे कृपा करून बोलू नका; त्या खोलीत एलंडाचं नाव पुन्हा निघायला नको.