गाडीतला कडप्प्याचा ओटा

अण्णा,

तुमच्या गाडीचं इंजिन बदललं. गिअरबॉक्सही बदलला. महिनाभर हे काम चाललं आणि त्या एका महिन्यात मी तुम्हाला जेवढी नावं ठेवली, तेवढी तुम्ही होता त्या सगळ्या वर्षांत मिळून ठेवली नसतील. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण गेलेल्या माणसानं वेल्डिंग मारून ठेवलेलं जिवंत माणसाला सोडवावं लागलं तर काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. मला एक माणूस दाखवा, अण्णा, सगळ्या महाराष्ट्रात, ज्यानं गाडीत ओटा बसवलाय. पत्र्याचा नाही, प्लायवूडचा नाही. कडप्प्याचा! खाली विटा रचल्या नाहीत हेच नशीब.

कंपनीनं मोडीत काढलेली कामगारांची मिनीबस तुम्ही लिलावात घेतलीत, तेव्हा मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. सरावलीतल्या आपल्या दारात ती उभी राहिली आणि पुढची दोन वर्षं तुमचा एकही रविवार आम्हाला मिळाला नाही. आठवडाभर प्लांटमध्ये फिटर, रविवारी गाडीत फिटर. पलंग झाला, पाण्याची टाकी झाली, मागच्या कोपऱ्यात पडदा लावून संडासाची खुर्ची झाली. आई चहा घेऊन आली की तुम्ही तिला आत बोलावून एकेक दाखवायचात. ती एकदाच म्हणाली, "सगळं छान आहे, पण मी खाली बसून भाकरी थापणार नाही. घरच्यासारखा ओटा असेल तर येते." चेष्टेत म्हणाली हो ती! दुसऱ्या रविवारी हातगाडीवर काळा दगड आला. तुम्ही, शेजारचे काका आणि हातगाडीवाला, असे तिघं तो दगड आत चढवताय आणि आई दारात तोंडाला पदर लावून हसतेय. ओट्याचे लोखंडी पाय तुम्ही फरशीतून आरपार खाली नेलेत आणि थेट चासीला वेल्ड केलेत. मी विचारलं, नटबोल्ट का नाही? तर म्हणालात, "नट ढिला हुतो. वेल्डिंग ढिलं हुईत न्हाई." चाळीस वर्षं इकडं काढलीत, पण वाद घालताना तुमची बोली सांगलीचीच असायची.

वजनाचं मी बोलले होते. आठवतं का तुम्हाला? दुसऱ्या वर्षाची वही घेऊन आले होते आणि ह्या इंजिनाला हे ओझं जड होईल, गिअरबॉक्सवर ताण येईल, असं आकडे मांडून दाखवलं होतं. तुम्ही वही बघितलीसुद्धा नाही. "चार बुकं वाचली म्हणून बापाला शिकवायला लागलीस?" असं सगळ्या गल्लीसमोर म्हणालात. मी वही घेऊन घरात गेले आणि त्या रात्री जेवले नाही. मग केळव्याला गेलो आपण, पहिल्यांदा. सुरूच्या बनात गाडी लावली आणि आईनं उभं राहून ओट्यावर भाकऱ्या थापल्या. वाडीवरच्या बायका बघायला आल्या. "अगो बाय, गाडीत ओटा हाय!" म्हणून एकमेकींना आत ढकलत होत्या. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून असे बसला होतात की जणू समुद्रही तुम्हीच बसवलाय. त्या दिवशी मला तुमचा राग आला नाही, हे खरं. राग आला तो पुढच्या उन्हाळ्यात, खंडाळ्याच्या घाटात. आईला तिच्या माहेरी, थोरल्या बहिणीकडे न्यायचं ठरलं होतं. पहिल्या गिअरमध्ये गाडी धापा टाकत होती, रेडिएटरमधून वाफा, आणि मग खालून कडकड आवाज. तिथून परत फिरलो. मावशीसाठी केलेले लाडू आईनं सरावलीत घरोघरी वाटले. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणालात. मरेपर्यंत तेच म्हणत राहिलात. आई नंतर एसटीनं जाऊन आली म्हणा, लग्नाकार्याला. पण तुमच्याबरोबर नाही गेली ती नाहीच गेली.

आता ऐका, ही गाडी मला का काढावी लागली. आईचा कणा गेलाय. अर्ध्या तासाच्या वर तिला बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं. आणि मावशी थकली, अंथरुणाला खिळली. ऐकू तर कानाशी मोठ्यानं बोललं तरच येतं, फोनचा काही उपयोग नाही. मावसभाऊ नाहीतर त्याची बायको मधे उभी राहून हिचं तिला ओरडून सांगणार. आणि आईला जे विचारायचं होतं ते असं तिसऱ्या माणसाच्या तोंडून विचारण्यासारखं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, आजी गेली तेव्हा आई वेळेवर पोचली नाही. तार उशिरा आली. शेवटच्या दिवसांत आजीजवळ फक्त मावशी होती. आईनं मला हे ह्या वर्षी सांगितलं, पाठ शेकत असताना, माझ्याकडे न बघता. "आईनं शेवटी माझं नाव काढलं का, एवढं ताईला विचारायचंय. कानात विचारीन." ऐंशीला टेकलेली बाई, अण्णा, आणि पोटात हे. मी म्हटलं, रुग्णवाहिका करू, झोपून जाशील. तर म्हणाली, "त्या गाडीतून उतरले तर ताईला वाटेल मीच गेले." मग म्हणाली, "आपली गाडी आहे की. पलंग आहे, खुर्ची आहे. ह्यांनी कशाला केली होती?" झालं! मी कपाळाला हात लावला.

इंजिन जाम होतं, ते अपेक्षितच होतं. गाडी ओढत मनोरला नेली, हायवेवरच्या एका मिस्त्रींकडे. साठीचे गृहस्थ, जुन्या गाड्यांत हात बसलेला. त्यांनी भंगारातून तसल्याच गाडीचं इंजिन शोधून काढलं, पण ते जरा पुढच्या मॉडेलचं, आपला गिअरबॉक्स त्याला बसेना. म्हणून त्याच्या जोडीचा गिअरबॉक्सही घेतला. इथवर सगळं ठीक. मग ते गाडीत शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आले ते डोक्याला हात लावून. "ताई, ह्यो ओटा कोनी बसवला?" मी म्हटलं, वडिलांनी. "काय करत व्हते ते?" फिटर होते. त्यांनी मला आत नेऊन फरशी दाखवली. गिअरबॉक्स सोडवायचं झाकण फरशीत असतं, आणि बरोबर त्या झाकणावर तुमचा ओटा! ते म्हणाले, "आमी धंद्यात चाळीस वर्सं हाय, पन असा कुलूपबंद इंजिन नाय पाह्यला." मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, कटर लावायचा, ओटा कापून काढायचा, अर्ध्या दिवसाचं काम, आठवड्यात गाडी तयार. दोन, गाडीचं सगळं तोंड उघडायचं, काचा, रेडिएटर, पुढचा पत्रा, आणि इंजिन पुढून ओढून काढायचं. त्याला महिना. मी त्यांना सांगितलं, आईचा जीव आहे त्या ओट्यात, ती तोडू देणार नाही. ते म्हणाले, "बरं, तुमची गाडी."

आणि मग सुरू झालं, अण्णा, तुमचं खरं दर्शन! पुढचा पत्रा खडखडतो म्हणून तुम्ही वेल्ड केलेला. रेडिएटरची चौकट हलते म्हणून वेल्ड केलेली. एक स्क्रू म्हणून सापडेना. मिस्त्री दर दोन तासांनी मला फोन करून म्हणत, "हिकडं पन मारलाय." मी दिवसभर कारखान्यात दुसऱ्यांच्या मालावर 'नापास' असा शिक्का मारते, आणि संध्याकाळी मनोरला येऊन माझ्या बापाचं काम बघते. ते नापास करता येईना, कारण ते तुटतच नव्हतं. समोरच्या दोन काचांपैकी एक निघता निघता तडकली. बोईसरमध्ये काचवाल्याकडे गेले तर तो हसला. "मॅडम, यह काच अब कहाँ मिलेगा? गाडी म्यूझियम में दे दो." शेवटी मापानं कापून घेतली, आठ दिवस गेले. नवं इंजिन जुन्या बैठकीवर बसेना, नव्या बैठका कराव्या लागल्या. मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा बोटभर जास्त, तो कापून आखूड केला. आरटीओच्या कागदांवर इंजिनचा नवा नंबर चढवायचा, ते वेगळंच. नाकी नऊ आले. आई रोज विचारायची, "झाली का गं?" आणि मी रोज म्हणायचे, होईल. तुम्ही 'पुढच्या वर्षी' म्हणायचात ना, अगदी तसंच.

तिसऱ्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. मावशीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आईनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "शुद्धीवर आहे ना?" आहे म्हटल्यावर पिशवी भरायला लागली.

गाडी झाली त्याच दिवशी निघालो. नव्या इंजिनाची खात्री नाही म्हणून मिस्त्री स्वतः चालवायला बसले. मी मागे, आई पलंगावर आडवी, तोंड खिडकीकडे. घाट आला तेव्हा मी पुढे सरकून इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर डोळे लावले होते. पण दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी चढली, अण्णा, की बघायला तुम्ही हवे होतात. काटा हलला नाही. वर पोचलो तेव्हा आई म्हणाली, "झाला घाट?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "एवढाच होता?" आणि डोळे मिटून पडली.

मावशीनं आईला ओळखलं. डाव्या हातानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही. आईनं सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, मला राहू दिलं कारण तिला धरून बसवायला कोणीतरी लागतं. मग मावशीच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं. एकदा, दोनदा, मग मोठ्यानं. मावशीचे ओठ हलले. काहीतरी बोलली ती, बरंच बोलली, पण त्यातला एक शब्द शब्दासारखा नव्हता. आई म्हणाली, "नुसती मान हलव ताई, हो का नाही." मान हलली. पण ती मान तशी सारखीच हलत होती. मी बघत होते, आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघितलं. परतीच्या वाटेवर पुण्याच्या पुढे कुठेतरी ती आपणहून म्हणाली, "हो म्हणाली असं मी धरलंय." आणखी तीन आठवडे आधी पोचलो असतो तर धरावं लागलं नसतं, हे ती बोलली नाही.

मिस्त्रींशी मात्र ती जाताना-येताना धड बोलली नाही. वाटेत सगळ्यांना चहा, त्यांना विचारलं नाही. ते उतरल्यावर मला म्हणाली, "ह्या माणसानं दगड फोडायचा कंटाळा केला नि महिना लावला." आणि मिस्त्री गाडीच्या किल्ल्या देताना हळूच म्हणाले, "तुमच्या आईनं हट केला नस्ता तर बरं झालं असतं, ताई." मी दोघांचं ऐकून घेतलं.

अण्णा, आईनं कसला हट्ट केला नव्हता. मिस्त्रींनी दोन रस्ते सांगितले त्याच वेळी मी गॅरेजबाहेर जाऊन तिला फोन केला होता. ती एका क्षणात म्हणाली, "तोड की. दगडच तर आहे. मला ताईकडे ने." मी फोन ठेवला, आत गेले आणि मिस्त्रींना सांगितलं, आई नको म्हणते. आणि घरी येऊन आईला सांगितलं, मिस्त्री म्हणतात तोडायची गरज नाही, पुढूनच निघेल. तुमच्या हातचं तेवढंच एक उरलंय, कटर लावलेला मला बघवला नसता. मला वाटलं, काय होतं तीन आठवड्यांनी?

हे पत्र तुम्हाला धाडता येत नाही, आणि जिच्या हातात द्यायला हवं तिच्यासमोर बसून मी रोज मिस्त्रींना नावं ठेवलेली ऐकते आणि मान डोलावते.