टिटवीचा आवाज

सौ. वच्छलेस,
नागपुरावरून चंपतची आठवण घे.

मी बरा आहो, वेळेवर जेवून राहिलो. आपल्या म्हशीचा पाय आता कसा आहे?

फोनवर सांगवत नव्हतं, म्हणून लिहून राहिलो. काल सक्करदऱ्याले आमचा व्हरायटी शो होता. जादूगार झाला, गाणी झाली, मग मी पशुपक्ष्यांचे आवाज काढाले उभा राहिलो. म्हैस जमली, मोर जमला. पब्लिक ओरडलं, "मामा, टिटवी!" अन् तिथंच गळा बंद झाला. दोनदा काढून पाह्यलं, नुसती हवा निघाली. मग मागून एका बाईनं टिटवीचा आवाज काढला, अन् सारा हॉलच माझ्यासाठी टिटवी होऊन ओरडाले लागला. मी हात जोडून उभा. लोकायले वाटलं, मी आनंदानं रडून राहिलो.

रामदासपेठेतल्या डॉक्टरले आधीच दाखवलं होतं. गळ्यात गाठ आहे. ते म्हणते, "ऑपरेशननं जीव वाचीन, आवाज नाही वाचणार." सोमवारी ऑपरेशन आहे.

आपल्या खुशीले एवढ्यात सांगू नको, पोरीची परीक्षा आहे. तू मात्र लवकर ये वं. तुझ्या हाकेले ओ देता येते, तवर ये.

तुझाच,
चंपत