सारजाबाईचा हात

२९ नोव्हेंबर १९५३, पडेगाव

काल सासरी आले. नगरहून मोटारीनं औरंगाबाद, तिथून टांग्यानं दौलताबादच्या रस्त्यानं इथवर. घर नवं आहे, चुन्याचा वास अजून जात नाही. मागं मोसंबीची बाग. माझ्या खोलीला दोन खिडक्या, सकाळी उन्हानं भरून जाते.

सारजाबाई म्हणजे ह्यांची थोरली बायको. अठरा वर्षांत मूल नाही, म्हणून तिनंच मला पाहून पसंत केलं. भांडखोर असेल वाटलं होतं, तशी नाही. ओटी भरताना म्हणाली, "आवडा, घर तुझंच हाय." फार बरं वाटलं. दादानं ही वही दिली आहे, जमेल तसं लिहायचं ठरवलंय.

४ डिसेंबर

ह्यांना, म्हणजे गावाच्या काकासाहेबांना, साखरेचा आजार आहे. लग्नाआधी कोणी बोललं नव्हतं. उजव्या टाचेला बोराएवढी जखम. सारजाबाई रोज धुऊन पट्टी बांधायची. मी म्हटलं, आता मी करीन. तिनं पाट माझ्याकडं सरकवला.

आज शहरातून डॉक्टर मोहियोद्दीन आले. ह्यांना डोळे मिटायला सांगून पावलावरून कापूस फिरवला. कळलं नाही. मला हात ठेवायला लावला. तोही कळला नाही. तेवढ्यात तांब्या उचलायला सारजाबाई वाकली, तिचा हात पायाला लागला, आणि हे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "सारजा, हात गार पडलाय तुझा."

डॉक्टर हसले. बांगड्या वाजल्या असतील म्हणाले. बांगड्या मलाही आहेत.

११ डिसेंबर

रोज पेनिसिलीनची सुई देतात, जखम मात्र तशीच, वासही येऊ लागलाय. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषध रक्ताबरोबर जातं, आणि काकासाहेबांच्या पायाच्या रक्तवाहिन्या साखरेनं अरुंद झाल्यात. दंडात दिलेलं औषध अंगभर फिरतं, जखमेत लागतं तेवढं उतरत नाही. शेकू मात्र नका, भाजलं तरी त्यांना समजणार नाही, असं दोघींना बजावून गेले.

पट्टी मी बांधते. पथ्याच्या भाकरी मी करते. हे निजायला माझ्या खोलीत येतात. पाऊल तेवढं तिचं.

१७ डिसेंबर

गंमत म्हणून ह्यांना डोळे मिटायला सांगितलं. बोट लावलं, नख लावलं, शेवटी शिवणाची सुई टोचली. रक्ताचा ठिपका आला. हे स्वस्थ. मग सारजाबाईला बोलावलं. तिनं जखमेवर नुसती फुंकर घातली तर पायाची बोटं हलली, आणि हे हसले. माझ्याकडं बघून असं एकदाही हसले नाहीत.

२० डिसेंबर

सारजाबाई बाजाराला गेली होती. मी चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि टाचेला धरली. माझ्या हातानं एकदा तरी कळवळावं, एवढंच. हे पेपर वाचत राहिले. मी वीट काढली नाही. कातड्याचा वास आल्यावर काढली.

२३ डिसेंबर

टाच काळी पडली. डॉक्टर संतापले, कोणी शेकलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सारजाबाई म्हणाली, "म्या. चुकलं माझं."

हे रागावले नाहीत. तिचा हात धरून बसले. माझं पापसुद्धा तिच्या नावावर गेलं.

२ जानेवारी १९५४

दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापला. सुया दुप्पट केल्या होत्या, औषध पोचलंच नाही. आता तिच्यापाशी ह्यांचं काही उरलं नाही. मला बरं वाटतंय. देवा, मला खरंच बरं —

१९ जानेवारी

घरी आणलं. दुपारी सारजाबाई पायथ्याशी बसते. पाय नाही तिथं चेपत राहते. हे डोळे मिटून हसतात. तिथं पांघरूण सपाट हवं — सपाट नाही.

२१ जानेवारी

ती विहिरीवर गेल्यावर पांघरुणाखाली हात घातला. काही नसणार, हेच बघायला. ऊब होती. टाच होती. तिच्यावर विटेचा कोपरा उमटलेला — पायाची बोटं वळली, माझा हात धरला. किती वेळ कुणास ठाऊक —

२४ जानेवारी

उजवा हात बधिर. डाव्यानं लिहितेय. डॉक्टरांनी दोनदा लघवी तपासली, मला साखर नाही. तळव्यावर चौकोनी डाग. काळा.

२७ जानेवारी

सुया चालू. डाग मनगटापर्यंत. ह्यांनी हात हातात घेतला — दिसलं, कळलं नाही. चुलीवर धरला. नाही —

२८ जानेवारी

सारजाबाईनं माझा हात मांडीवर घेतलाय. वीट तिला चुलीपाशी तेव्हाच दिसली होती म्हणते. "भिऊ नगं आवडा. म्या हाय." चेपतेय. गार हात आहे तिचा. कळतोय. तिचा एवढाच कळतोय — थांबली की — थांबू नको, बाई, थांबू न