अडकित्त्यानं कापलेली गोळी

कुरुंदा, सोमवार

चिरंजीव अनिरुद्ध यास,

तुझ्या एकुलत्या एका (आणि अजून तरी जिवंत असलेल्या) ताईचे आशीर्वाद. शिला आणि लेकरं मजेत असतील. माझी तब्येत कशी आहे ते तुझ्या दाजींना विचार. ती त्यांनाच कळते, मला फक्त सोसावी लागते.

दिवाळीनंतर तू मला नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलंस, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंद झालीय म्हणून रोजची एक गोळी सुरू झाली, इथवर सगळं बराबर होतं. संक्रांतीला पुन्हा रक्त तपासलं, रिपोर्ट दाजींच्या हाती पडला आणि माझे ग्रह फिरले. टीएसएच पाचाच्या आत पाहिजे, माझा निघाला अठरा. आता हा माणूस तीस वर्षं वसमतला हळदीच्या अडतीवर मुनीम. हळदीत ओल जास्त निघाली की वजनातून कडता कापायचा, एवढं एकच शास्त्र त्यांना येतं आणि ते सगळ्या सृष्टीला लागू आहे अशी त्यांची खात्री. आकडा जास्त, म्हणजे औषध जास्त झालं, कापा! डॉक्टरकडे जायचं काहून, आकडे काय आम्हाला वाचता येत नाहीत? सुपारीचा अडकित्ता काढला आणि गोळीचे दोन तुकडे केले. (एक तुकडा नेहमी मोठा निघतो. तो मला सोमवारी मिळतो, महादेवाचा वार म्हणून.)

मी सांगून पाहिलं बाबा. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं, टीएसएच म्हणजे डोक्यातून त्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी कामाला उठत नसली की हाक वाढते. मी दाजींना जेवायला हाका मारते, ते ओट्यावरून हलत नाहीत, मग माझा आवाज चढतो, तसंच. आवाज चढला म्हणून काय स्वयंपाक अर्धा करायचा? पण एवढं डोकं चालवायला आपण थोडेच मुनीम आहोत! मग काय विचारता थाट. चैत्राच्या उन्हात मी शाल पांघरून बसलेली, फोडणी टाकून उभ्या उभ्या पेंगून राहिले, आणि आवाज असा घोगरा की फोनवर लोक मलाच मुनीमजी समजून हळदीचा भाव विचारत. दाजींनी निदान केलं, आळस.

आणि आषाढात पुन्हा तपासलं तर आकडा तीन! दाजींचे पाय जमिनीला लागेनात. अडकित्त्याची कीर्ती गल्लीभर झाली आहे. असा धन्वंतरी नवरा मिळायला सात जन्मांचं पुण्य लागतं, माझ्या पदरी ते नेमकं कसं पडलं कोण जाणे.

तुझी,
गंगूताई

ता. क. आकडा अर्ध्या गोळीनं उतरला नाही. तुझ्या भाचीच्या, जाईच्या कॉलेजचं निमित्त काढून मी चैत्रातच नांदेडला त्या डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दीड गोळी लिहून दिली. ती बाटली हळदीच्या बरणीत आहे. (जन्म हळदीत गेला तरी घरची बरणी त्यांनी कधी उघडली नाही.) दाजींचा अर्धा तुकडा रोज तुळशीत जातो. तुळस झकास आहे.

ता. क. आता खरं काम. शेजारच्या रुख्मिणीबाईंची सून निलम पोटुशी आहे, तिलाही हेच दुखणं. तिचा आकडा वाढला म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली, आणि रुख्मिणीबाई तो कागद घेऊन आल्या दाजींकडे! परवापासून तिलाही अर्धीच. या दिवसांत गोळी कमी पडली तर पोटातल्या लेकराला भोवतं रे, माझा जीव थाऱ्यावर नाही. मी सांगायला गेले तर त्या म्हणतात, "तुमी तर अर्धीवरच बऱ्या झाल्या की!" आता काय बोलू? पोरगी सासूपुढे तोंड उघडत नाही. फोन दाजींच्या उशाशी, म्हणून हे पत्र जाईच्या हाती देते. तिच्यासोबतच ये. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणून तुझं ऐकतील. मी बरणीतली बाटली सगळ्या गल्लीसमोर ओट्यावर ठेवीन. दाजी महिनाभर बोलणार नाहीत, तेवढाच आराम.

ता. क. अडकित्ता मी आज विहिरीत टाकला. दाजी सकाळपासून शोधून राहिले, सुपारीवाचून जीव कासावीस झालाय. तुला काही माहीत नाही. निलमचं लेकरू सुखरूप हाती आलं की बारशाला मीच नवा घेऊन देईन, फक्त सुपारी कापायच्या अटीवर.