बेदाण्याच्या शेडवरची बोलणी

मंगळवार, संध्याकाळ

पुण्याची ऑर्डर आज नाकारणारच होतो. कारखान्यात मशिनं आहेत, माल आहे; पण सर्किट बोर्डांना सोल्डरिंग करणाऱ्या बायका तासगावला बेदाणा निवडायला गेलेल्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पगार वाढवला, तरी का जातात?

शेवटी स्वतःच शेडवर गेलो. हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. आमच्या सुमनबाई म्हणाल्या, "आवं सायेब, हितं बोलाय मिळतं. तुमच्यात तोंडाला कुलूप!"

'शांतता राखा' ही पाटी माझीच.

"पाटी काढली तर?"

"मग उद्याच येतो की समद्या!"

तिथूनच फोन करून ऑर्डर घेतली. निघताना पाठीमागून कुजबूज आली, "लय घायकुतीला आलाय गडी!" माझे कान तिखट. उद्या त्या आज रिकाम्या असलेल्या खुर्च्यांवरून हेच ऐकायचंय. खुशाल बोला म्हणावं!