टमाटरची रोपं आणि स्टीलचा डबा

जानेवारी, मंगळवार, दिवेलागण

राग अजून उतरलेला नाही. टमाटरच्या अठरा रोपांपैकी तेरा गेली. गच्चीवर बांबू रोवून प्लास्टिकची खोली केली खरी, पण आत ऊब कुठून येणार? म्हणून रोज दिवस मावळला की मी रोपांवर जुन्या सुती साड्या पांघरायची, सकाळी काढून तिथेच घडी करून ठेवायची. त्या साड्या काल दुपारी ह्यांनी भांडेवालीला देऊन टाकल्या. बदल्यात काय, तर स्टीलचा डबा! मला न विचारता!

"फाटक्याच तर होत्या वं," म्हणे. "एवढा जाड डबा तुले देल्ला असता का तिनं?"

रात्री रोपांवर पेपर पांघरले. पेपरानं काय थंडी अडते? सकाळी पानं काळी, रोपांनी माना टाकलेल्या. आणि खाली हे तो डबा घासूनपुसून ओट्यावर मांडून बसलेले. "टमाटर ठेवाले कामी येईन," म्हणतात! कोणते टमाटर?

नोकरीत होते तोवर ह्यांना घरात चमचे कुठे असतात तेही माहीत नव्हतं. रिटायर झाल्याबरोबर माझ्याच साड्या दिसल्या?

मी जास्त बोलले का? नाही. कमीच बोलले.

मघाशी कपाटातून ह्यांची निरोप समारंभातली शाल काढली. अजून पिशवीतून बाहेर आली नव्हती, कुणाला हात लावू देत नाहीत. उरलेल्या पाच रोपांवर नीट पांघरून आले. शाल कुठे आहे म्हणून विचारलं, की तोच डबा पुढे करीन.